ओढ्यातील जीव पाहण्याची सहल: जांबोटीजवळचा एक अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वाढलेल्यांना ओढ्यातले दगड उलटणे काही नवे नाही. लहानपणी मामाच्या गावी आम्ही खेकड्यांसाठी दिवसभर तेच करीत असू, आणि खेकडा नसला की दगड पालथाच टाकून पुढे जात असू. त्यामुळे माणशी 600 रुपये भरून ओढ्यातले किडे पाहायला निघाल्याचे घरी सांगितले, तेव्हा सगळे हसले. कणकुंबीजवळ उगम पावणाऱ्या मलप्रभेला मिळणारा हा ओढा डिसेंबरात गुडघाभर आणि नितळ असतो.

या सहलीचे खरे बळ म्हणजे वाटाड्या. कन्नड मिसळलेल्या आपल्याच मराठीत बोलणाऱ्या या तरुणाने एक दगड पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यासह ठेवला आणि आम्हाला दोन मिनिटे गप्प बसायला लावले. वाळूची चिकटलेली कांडी समजून मी जिच्याकडे दुर्लक्ष केले होते, तिच्या एका टोकातून सहा पाय बाहेर आले आणि ती कांडी चालू लागली. कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची ही अळी तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधते. दहापट भिंगाखाली तो सांधा इतका नेटका दिसला, की आमच्या गवंड्याची आठवण झाली. दगडाला नाण्यासारखी चिकटलेली चपटी चकती ही एका भुंग्याची अळी निघाली; पाय पाहायचे तर तिला उलटावे लागते.

सोबत मिळणारे माहितीपत्रक मात्र निराशाजनक आहे. ते केवळ इंग्रजीत आहे आणि त्यात, पिल्ले पाण्यात वाढणाऱ्या दोन उडत्या किड्यांपैकी, मेफ्लायला तीन शेपट्या व स्टोनफ्लायला दोन असा सरसकट नियम दिला आहे. काही मेफ्लायांनाही दोनच शेपट्या असतात, म्हणून पोटाच्या कडेचे हलते कल्ले आणि पायाच्या टोकाची एकच नखी पाहावी, कारण स्टोनफ्लायला नख्या दोन असतात, हे वाटाड्याने आपणहून सांगितले. स्टोनफ्लायची पिल्ले बहुधा भरपूर प्राणवायू असलेल्या वाहत्या पाण्यातच टिकतात. आम्हाला दोन सापडली, तेव्हा त्याचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त खुलला.

चौदा माणसांत चार भिंगे, ही आयोजकांची काटकसर खटकली; रांगेत उभे राहून माझा नंबर येईपर्यंत चतुराच्या पिल्लाने जबड्यासारखा खालचा ओठ पुढे फेकून भक्ष्य पकडल्याचा क्षण निघून गेला. जेवण ठीक होते. प्रत्येक दगड होता तसाच, होता तिथेच परत ठेवण्याचा त्यांचा आग्रह मात्र मला मनापासून पटला, कारण अंडी आणि कोष बहुधा दगडाच्या खालच्या अंगाला असतात आणि आम्ही लहानपणी ते सारे उन्हात टाकून दिले होते.

जाणाऱ्यांनी स्वतःचे भिंग आणि जुने बूट न्यावेत. माझी एक चप्पल मलप्रभेकडे गेली आहे.