जेरुसलेमचा इतिहास: १०९९ आधी वाचायचं की ११८७?

क्रूसेड्सबद्दल, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिश्चनांनी केलेल्या धर्मयुद्धांबद्दल, वाचायला घेतलं की बहुतेक जण १०९५ ला पोप अर्बनने क्लेरमाँला केलेल्या भाषणापासून सुरू करतात आणि जेरुसलेम यायच्या आतच दमतात, कारण मधे अँटिओकचा लांबलचक वेढा आहे, ढीगभर सरदार आहेत, त्यांची भांडणं आहेत. त्यामुळे वेळ कमी असेल तर माझं मत सरळ आहे, १०९९ (क्रूसेडर्सनी जेरुसलेम जिंकलं) नंतर घ्या, ११८७ (सुलतान सलाउद्दीनने ते परत घेतलं) आधी घ्या.

त्यात सगळं डोळ्यासमोर घडतं. जेरुसलेमचा क्रूसेडर राजा गी सफूरियाचे झरे सोडून भर जुलैत तळ्याकाठच्या टायबेरियसकडे निघाला, तळं जवळ असून सैन्याला पाणी मिळालं नाही, आणि ४ जुलैला हत्तीनच्या लढाईत सलाउद्दीनपुढे सगळं संपलं. मग जेरुसलेम शहरात लढायला माणसंच उरली नाहीत. तरी शहराचा बचाव करणाऱ्या बालियनने सलाउद्दीनला सांगितलं की अटी दिल्या नाहीत तर कैदेतले मुसलमान मारू, त्यांचं पवित्र स्थळ डोम ऑफ द रॉक पाडू, मग तोडगा निघाला, सुटकेसाठी पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५. कत्तल झाली नाही हे खरंच मोठं आहे, पण म्हणून सलाउद्दीनला संत करू नका प्लीज, पैसे नसलेले हजारो लोक गुलाम झाले.

मग १०९९ कशाला? कारण तिथे कळतं की ‘ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान’ असे दोन एकसंध गट नव्हतेच. इजिप्तच्या फातिमींनी (शिया खलिफांचं घराणं) हे शहर जेमतेम वर्षभर आधी, १०९८ मध्ये, सेल्जुकांच्या (सुन्नी तुर्क घराणं) बाजूच्या तुर्क सरदारांकडून घेतलेलं, आणि या आपसातल्या वैराचा क्रूसेडर्सना फायदा झाला. पण १५ जुलैला शहर पडल्यावर मुसलमान आणि ज्यूंची जी कत्तल झाली ती वाचणं जड जातं, मला अजूनही जातं. ती माहीत असेल तर बालियनच्या लोकांना कसली भीती वाटत होती ते नीट समजतं.

म्हणजे ‘हे सगळं सुरू का झालं’ हा प्रश्न असेल तर १०९९, आणि माणसं, डावपेच, वाटाघाटी आवडत असतील तर ११८७.

आणि १२२९ गाळू नका, ते छोटंच आहे! पोपने बहिष्कृत केलेला सम्राट फ्रेडरिक दुसरा आणि सुलतान अल-कामिल यांनी लढाई न करता १० वर्षांचा तह केला, शहर ख्रिश्चनांकडे, हरम अल-शरीफ (डोम ऑफ द रॉकचं आवार) मुसलमानांकडे, आणि दोघांनाही आपापल्याच लोकांनी शिव्या घातल्या.