वॉर्डातला न्यूज-2 स्कोअर: कागदी तक्ता की टॅब्लेट?

रात्रीचे तीन. पेशंटचा श्वास मिनिटाला 22, नाडी 112, ताप 38.4 सेल्सिअस. बीपी, ऑक्सिजन ठीक, पेशंट शुद्धीवर. एकेक आकडा पाहिला तर घाबरण्यासारखं काही नाही. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या न्यूज-2 (2017) या, पेशंटची तब्येत बिघडतेय का हे गुण देऊन वेळीच ओळखणाऱ्या तक्त्यात त्यांचे 2, 2 आणि 1 गुण होतात. बेरीज 5, म्हणजे डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं.

कागदी तक्ता खाटेशीच असतो. ठिपके जोडले की नाडी सकाळपासून कशी चढत गेली ते एका नजरेत कळतं. वीज, नेटवर्क काही लागत नाही. अडचण बेरजेची: तीस खाटा आणि दोन सिस्टर असतील तर ती चुकते, किंवा राहूनच जाते.

टॅब्लेट बेरीज स्वतः करतो, आणि तशी सोय केलेली असेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना थेट कळवतो. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं, सिस्टरला फोनमागून फोन करत बसावं लागत नाही. मात्र सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट श्वासविकार) ज्या पेशंटचं ऑक्सिजनचं लक्ष्य 88 ते 92 टक्केच असतं, त्याच्यासाठी डॉक्टरांनी दुसरी मोजपट्टी निवडून द्यावी लागते. ते राहिलं तर रात्रभर नाहक अलार्म वाजतो, आणि मग खऱ्या अलार्मकडेही कुणी वळून पाहत नाही.

टॅब्लेट नसून संगणक फक्त नर्सिंग स्टेशनवर असेल, आकडे चिठ्ठीवर लिहून ड्युटी संपताना भरले जात असतील, तर मी कागदच निवडेन. तिथे तीनची सूचना सकाळी सातला येते.