बाराशे डीपीआयचे पैसे, दोनशेचं स्कॅनिंग

जुने अल्बम स्कॅनला देणार असाल तर आधी हे वाचा. आई-बाबांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो, सगळे 4 × 6 इंची, पुण्यातल्या एका स्टुडिओत दिले होते. दर असा: 300 डीपीआयला (म्हणजे एका इंचात टिपलेले 300 ठिपके किंवा पिक्सेल) फोटोमागे 10 रुपये, 1200 ला 40. मोठ्या फ्रेम करायच्या म्हणून 1200 सांगितलं. पेनड्राइव्हवर आलेल्या प्रत्येक फाइलमध्ये 4800 × 7200 पिक्सेल. हिशोब अगदी चोख.

12 × 18 ची प्रिंट काढली आणि आईच्या नथीच्या जागी नुसता पांढरा ठिपका! शालूची जर सारवल्यासारखी. मूळ फोटोवर भिंग धरलं तर मोती सुटे दिसतात, म्हणजे खोट फोटोत नव्हती.

स्क्रीनवर फाइल 100 टक्क्यांवर उघडली. चेहऱ्याच्या कडेला पुसट चौकोन दिसले, प्रत्येक 48 पिक्सेलचा. जेपेग, म्हणजे फोटोंच्या फाइलचा नेहमीचा प्रकार, चित्र साठवताना 8 × 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं. इथे ते सहापट फुगलेले. म्हणजे स्कॅन झालं 200 डीपीआयला, 800 × 1200 पिक्सेलचं, आणि नंतर सॉफ्टवेअरने ते ताणलं. याला इंटरपोलेशन म्हणतात: मधले पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजाने भरायचे. ताकात पाणी घालून तांब्या भरण्यातला प्रकार. खात्रीसाठी फाइल एक षष्ठांश करून पुन्हा मोठी केली. आधीची आणि नंतरची यांत काडीचा फरक नाही. खऱ्या स्कॅनमधला बारकावा यात नक्की गेला असता.

स्टुडिओवाल्याचं उत्तर: "साहेब, प्रॉपर्टीजमध्ये बघा ना, बाराशेच लिहिलंय." लिहिलेलं असणारच! तो आकडा पिक्सेलला हात न लावताही बदलता येतो. हे सगळं कशासाठी, तर 200 चं स्कॅन काही सेकंदांत उरकतं, 1200 ला स्कॅनर रेंगाळतो. बरीच हुज्जत घातल्यावर निम्मे पैसे सुटले.

पैसे देण्याआधी एकच फोटो समोर स्कॅन करून घ्या आणि 100 टक्क्यांवर बघा. कागदाचा पोत, ओरखडे दिसले पाहिजेत. स्कॅनर विकत घेताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, 'ऑप्टिकल' रिझोल्यूशन, म्हणजे सॉफ्टवेअरने न ताणता स्कॅनर स्वतः टिपतो तितके डीपीआय, किती ते विचारा. खरं तर साध्या प्रिंटला 600 च्या वर जाऊन फारसं काही हाती लागत नाही, त्यामुळे 1200 चा दरच मला संशयास्पद वाटतो. निगेटिव्हची गोष्ट वेगळी. 35 मिमीची चौकट जेमतेम 24 × 36 मिमी. तिथे खरे 2400 डीपीआय मिळाले तरच सुमारे 2270 × 3400 पिक्सेल होतात. घरात निगेटिव्ह असतील तर प्रिंटऐवजी त्याच द्या.