फ्रोझन नॉर्वेजियन सॅल्मन, पणजी: 5 पैकी 4, पण कृपया तळू नका

गोव्यात राहून सॅल्मनचा रिव्ह्यू लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण जूनमध्ये मासेमारी बंद झाली की आमच्या घरी दरवर्षी तोच प्रश्न असतो. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, मार्केटात जे येतं ते बर्फातलं नाहीतर बाहेरून आलेलं, आणि यंदा त्यात आईचे रिपोर्ट आले. वय 71, बी12 कमी, व्हिटॅमिन डी कमी, आणि जेवण म्हणजे पेज, लोणचं आणि "मला भूक नाही गं". डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, वर म्हणाले प्रोटीन वाढवा, तेलकट मासे आठवड्यातून दोनदा तरी द्या. तेलकट म्हणजे तळलेले नव्हे हं, ज्यांच्या अंगातच चरबी असते ते, म्हणजे बांगडे, तारले, सॅल्मन. बांगडे-तारले तर बंद. म्हणून पणजीतल्या एका फ्रोझनच्या दुकानातून सॅल्मनची दोन पाकिटं घेतली. दोन दोन तुकडे, पाकीट साधारण 200 ग्रॅमचं, 620 रुपयांना एक. महाग आहेच, त्यात वाद नाही.

आधी दुकानाची तक्रार सांगते, नाव लिहीत नाही. मी सॅल्मन मागितला तर काउंटरवरच्या मुलाने आधी रावस काढून दिला, "मॅडम हाच इंडियन सॅल्मन, स्वस्त पडेल". रावस चांगला मासा आहे, मला आवडतो, पण तो सॅल्मनच्या कुळातला अजिबात नाही, फक्त इंग्रजीत तसं नाव पडलंय. डॉक्टरांनी ज्या चरबीसाठी सॅल्मन सांगितला तेवढी रावसात नसते. तेव्हा लेबलवर शास्त्रीय नाव बघा, साल्मो सलार लिहिलेलं असेल तर तो अटलांटिक सॅल्मन, आणि नॉर्वेचा असेल तर बहुतेक शेतीतला म्हणजे पिंजऱ्यात वाढवलेला. मग त्याने स्मोक्ड सॅल्मन पुढे केला, "हा तर डायरेक्ट खायचा". मी पाकीट उलटं करून मीठ बघितलं आणि परत ठेवलं. स्मोक्डमध्ये 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅमच्या वर सोडियम सहज असतं, साध्या शिजवलेल्यात फक्त 60 च्या आसपास. आईला बीपी आहे, त्यामुळे विषयच संपला.

आणि एक, दुसरं पाकीट घरपोच मागवलं होतं तर पावसात ताळगावला पोचेपर्यंत कडा मऊ झाल्या होत्या. परत केलं, बदलून दिलं, पण फ्रोझन माल असा पाठवायचा नसतो हे त्यांना कळायला हवं.

आता मूळ मुद्दा. पाकिटावर जे आकडे असतात ते कच्च्या माशाचे असतात आणि आपण खातो शिजवलेला, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कच्चा शेतीतला सॅल्मन 100 ग्रॅमला साधारण 208 कॅलरी, प्रोटीन 20 ग्रॅम, फॅट 13. तोच ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तेलाशिवाय शिजवला तर 206 कॅलरी, प्रोटीन 22, फॅट 12. म्हणजे पाणी उडून गेल्यामुळे प्रोटीन दाट होतं, थोडी चरबी वितळून भांड्यात उतरते, आणि कॅलरी जवळजवळ तिथेच राहतात. कार्ब शून्य, फायबरही शून्य, त्यामुळे सोबत भाजी लागतेच. जंगली, म्हणजे पिंजऱ्यात न वाढवलेला अटलांटिक सॅल्मन मिळाला तर तो शिजवल्यावर 182 कॅलरी, प्रोटीन 25 आणि फॅट 8, पण तो आपल्याकडे मला तरी कुठे दिसला नाही.

मी वजनकाटा काढलाच. दोन तुकडे कच्चे 204 ग्रॅम भरले, शिजून ताटात आले तेव्हा 163. चाळीस ग्रॅम गेले, मुख्यतः पाणीच. म्हणजे आईच्या वाट्याला 80 ग्रॅमचा एक तुकडा आला. त्यातून साधारण 17-18 ग्रॅम प्रोटीन, 165 कॅलरी, व्हिटॅमिन डी 400 आययूच्या वर (मोठ्या माणसाला दिवसाला 600 लागतं, सत्तरीनंतर 800), आणि बी12 दोन मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे दिवसाची गरज जवळपास त्या एका तुकड्यातच. शिवाय सेलेनियम, पोटॅशियम. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते ओमेगा-3, त्याचे माशातले दोन प्रकार ईपीए आणि डीएचए मिळून दीड ग्रॅमच्या वरच. आई रोज जवसाची चटणी खाते आणि म्हणते त्यात पण ओमेगा असतं, असतं खरं, पण ते वेगळ्या प्रकारचं आणि आपलं शरीर त्यातलं फार थोडं या दोन प्रकारांत बदलू शकतं. माशातून ते तयार मिळतं. जी बाई दोन घास पेज खाऊन उठते तिच्यासाठी 80 ग्रॅमात एवढं सगळं येणं म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको.

पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला. सवयीने रेशाद मसाला (गोव्यातला लाल तिखट-आंबट) लावला, रवा लावला आणि इसवण (सुरमई) तळतो तसं भरपूर तेलात सोडलं. सॅल्मन इसवणासारखा घट्ट नसतो, पाकळ्या सुटायला लागल्या, रवा तेल प्यायला, बाजूंनी पांढरा चिकट फेस आला (ते माशातलंच प्रोटीन, आच जास्त झाली की बाहेर पडतं, खराब वगैरे काही नसतं), आणि आत कोरडा. वर ज्या माशाला स्वतःची एवढी चांगली चरबी आहे त्याला आपण दुसरं तेल पाजायचं, आणि आकडे कुठल्या कुठे जायचे. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "ह्या नुस्त्याक वासूच ना" (या माशाला वासच नाही). बाकीचं ताटात तसंच.

दुसऱ्यांदा हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली माशाची आमटी केली, तिरफळं घालून. ते पण नको. नारळाचा रस आधीच जड, त्यात सॅल्मनची चरबी, वर तवंग येतो आणि तिरफळाची चव दबून जाते. ते हुमण बांगड्यालाच शोभतं.

तिसऱ्यांदा जमलं. रात्रीच पाकीट फोडून मासा डब्यात घालून फ्रीजमध्ये खाली ठेवला (व्हॅक्यूम पाकीट बंद असताना वितळवू नका, ते सुरक्षित नाही). सकाळी फक्त हळद, थोडं मीठ, वाटलेली हिरवी मिरची-कोथिंबीर-लसूण आणि आमसुलाचं पाणी. केळीचं पान गॅसवर शेकून मऊ केलं, तुकडे त्यात गुंडाळले, दोऱ्याने बांधले, जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूने सहा मिनिटं, दुसऱ्या बाजूने पाच. तेलाचा थेंब नाही. काटा खुपसल्यावर पाकळ्या अलगद सुटल्या की झालं, ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी आतून 63 अंश बघावं. पान उघडलं तेव्हा तळाशी चमचाभर केशरी रस जमला होता, तो टाकू नका, त्यातच उतरलेली चरबी आणि तिच्यातलं ओमेगा-3 आहे. मी तो आईच्या गरम भातावर ओतला आणि तिने भात पूर्ण संपवला. मी ताटाचा फोटो काढून भावाला पाठवला.

माझ्या मुलाने विचारलं की माशाला रंग लावलाय का. रंग ॲस्टाझॅन्थिनचा, जंगली सॅल्मनला तो क्रिल-कोळंबीसारखं खाऊन मिळतो, शेतीतल्याला खाद्यातून देतात. पाण्यात धुतल्यावर रंग सुटला नाही, मी मुद्दाम पांढऱ्या वाटीत ठेवून बघितला. पारा पण सॅल्मनमध्ये कमी असतो, तो मोठ्या शिकारी माशांत जास्त साठतो.

आता बांगड्यापेक्षा सॅल्मन भारी का, तर नाही. बांगडे-तारले पण तेलकट, त्यांच्यात पण हेच ओमेगा-3, आणि ताजे मिळतात तेव्हा या एका पाकिटाच्या पैशात आमच्या घराला कितीतरी दिवस पुरतील एवढे वाटे येतात. फक्त आईला आता काटे काढता येत नाहीत, नजर अधू झालीय, एकदा घशात अडकल्यापासून ती बांगड्याला घाबरते. या दोन पाकिटांतल्या चारही तुकड्यांत मिळून मला एकच बारीक काटा सापडला. माझ्यासाठी 620 रुपयांचं उत्तर तिथे आहे.

एक स्टार कापला तो डिलिव्हरीचा आणि रावस खपवण्याचा. माल मात्र चांगला होता, वास स्वच्छ, मांस घट्ट, बर्फाचा थर पातळ. पुढच्या वेळी स्वतःची थर्मल बॅग घेऊन दुकानात जाणार आहे आणि कातडीसकटचे तुकडे मागणार आहे, पानात ते जास्त चांगले राहतील असं वाटतंय. ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या, श्रावण संपला, की आमचे बांगडे परत सुरू, पण आईचं एक पाकीट फ्रीझरमध्ये राहील.