सानातोरिओ दुरान, कोस्टा रिका: भुतांसाठी नको, खिडक्यांसाठी जा

4/5

आधीच सांगतो, सानातोरिओ दुरान म्हणजे टीबीचा जुना, बंद पडलेला दवाखाना, तिथे भूतबंगला बघायचा म्हणून जाणार असाल तर पैसे वाचवा. आमच्या टूरवाल्याने रस्ताभर ननच्या भुताचं पुराण लावलं होतं आणि आत गेल्यावर ही इमारत अशी का बांधली विचारलं तर साहेब गप्प.

जागा कार्तागो शहराच्या वरच्या अंगाला, इरासू ज्वालामुखीच्या उतारावर, आजूबाजूला बटाटा-कांद्याची शेतं, दुपारनंतर ढग खाली उतरतात. 1918 मध्ये डॉ. कार्लोस दुरान यांनी टीबीच्या पेशंटसाठी हे उभं केलं. हा माणूस 1889-90 मध्ये काही महिने देशाचा राष्ट्राध्यक्षही होता, आणि सांगतात की त्याच्या स्वतःच्या मुलीला क्षय झाला होता म्हणून त्याने हे मनावर घेतलं.

आता खिडक्या. लांबच लांब वॉर्ड आणि भिंतभर खिडक्याच खिडक्या. एवढ्या थंडीत कुणी असं बांधतं का, असं वाटतं, पण तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 ला, तोवर डोंगरावरची हवा, ऊन, पोटभर जेवण आणि नुसतं पडून राहणं हाच इलाज, म्हणजे आपल्याकडे हवापालटाला पाठवायचे तसंच, फक्त इथे महिनोन्महिने. त्या खिडक्या म्हणजेच औषधाचा डोस! हे डोक्यात ठेवून फिरलात तर रिकामा वॉर्डसुद्धा बोलायला लागतो, नाहीतर पोपडे आलेल्या भिंती आणि गंजलेले पत्रे बघून दहा मिनिटांत बाहेर याल.

1963 ते 65 इरासू राख ओकत होता तेव्हा या सगळ्या परिसराचे हाल झाले. तोवर गोळ्या-इंजेक्शनं आली होती, पेशंटला डोंगरावर ठेवायची गरजच राहिली नव्हती, शेवटी 1973 ला दवाखाना बंद. दवाखाना बंद पडल्याची खरं तर पार्टीच करायला हवी ना? पुढे इथे अनाथाश्रम झाला, मग तुरुंग, त्यामुळे आता भिंतीवरचं नेमकं काय कुठल्या काळातलं हे ओळखणं अवघड जातं, त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांनी नावं आणि बदाम कोरून ठेवलेत ते वेगळंच. एक स्टार तेवढ्यासाठी कापला, म्हणजे कापला पब्लिकचा, जागेचा नाही.

फक्त यासाठी राजधानी सॅन होजेहून वर यावं का? जुन्या इमारतींचं वेड असेल तर हो, नाहीतर इरासूला जोडून करा. सकाळी आधी क्रेटर, म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, कारण तिथे ढग लवकर झाकतात, मग उतरताना हे. डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, तेव्हाच या. जाकीट लागतंच, हा देश गरम आहे म्हणून हाफ पँटवर आलेले दोन-तीन जण कुडकुडत होते. थोडे कोलोन (इथलं चलन) कॅशमध्ये ठेवा, आणि लाकडी फरशी मऊ लागली की तिथून पाय काढा.