जुन्या लॅपटॉपला अँटेनावाला यूएसबी वायफाय अडॅप्टर : हिवाळ्यापासून मेपर्यंतचा अनुभव

लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांपैकी (बँडपैकी) फक्त २.४ चं असेल, तर लॅपटॉप बदलायच्या आधी हजाराच्या आतला हा अडॅप्टर लावून बघा. वर्ग एसी६००. खोक्यावरचे ६०० म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३ एमबीपीएस वेगाची बेरीज, ५८३, वर गोल करून. एका वेळी चालतो एकच बँड, त्यात यूएसबी २.०, म्हणून ५ वर दीडशे एमबीपीएस मिळाले तरी समाधान मानायचं.

लावल्यावर विंडोजमध्ये आधी सीडी ड्राइव्ह दिसते. त्यातलं सेटअप चालवलं की मग वायफाय दिसायला लागतं. सेटअप अडलंच, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. नेट जोडायला आधी नेट लागतं, हे दुकानदार सांगत नाही.

खरा फरक पडतो तो जागेने. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती दीड-दोन फुटांच्या. अशी एक भिंत मध्ये आली की ५ गिगाहर्ट्झ जवळपास संपतं, २.४ रडतखडत पोचतं. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर दाराच्या रेषेत टांगला, की त्याच खोलीत सिग्नलच्या दोन कांड्या वाढतात. केबलचा दुसरा फायदा असा, की शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क चालू असली तर यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ च्याच पट्ट्यात पडतो आणि सिग्नल ढासळतो. अडॅप्टर लांब गेला की तो त्रास जातो. अँटेना नसलेला नखाएवढा अडॅप्टर मात्र अशा घरात घेऊच नये.

दर थोड्या वेळाने नेट तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा. तरी तुटलं तर हात लावून बघा. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४४-४५ ला गेला, की पत्र्याखाली हा चटका बसेल इतका तापतो. पंख्याच्या वाऱ्यात ठेवला की टिकतो.

लाईट जाऊन आल्यावर ‘नो इंटरनेट’ दिसलं तर पासवर्ड बदलत बसू नका. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता (नेटवर्कमधला लॅपटॉपचा आकडी पत्ता) बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. वायफाय बंद करून परत जोडा. १९२.१६८ चा असेल तर लॅपटॉप ठीक आहे, फायबरचा डबा अजून उठलेला नाही. त्याला दोन-तीन मिनिटं द्या.

मोबाइलला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल, तर राउटर बहुधा १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर गेलाय आणि काही अडॅप्टर ११ पर्यंतच ऐकतात. चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्कं करा. दिसतं पण जोडत नाही, असं असेल तर राउटरची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ वर (वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर) नाही ना, ते तपासून डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

पाचपैकी चार. एक गुण सैल बिजागरीसाठी कापला. अँटेना उभी केली तरी पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू आडवी होते.