रश: एका ड्रमवादकाने लिहिलेली गाणी

कॅनडातील ‘रश’ या बँडची गाणी शब्दांसाठी ऐकावीत की शब्दांकडे काणाडोळा करून, याविषयी रॉकच्या श्रोत्यांत जुने दोन तट आहेत. १९७४ मधील पहिल्या अल्बमनंतर नील पीअर्ट ड्रमवादक म्हणून बँडमध्ये आला आणि गीतलेखनही त्याच्याकडेच गेले. तेव्हापासून २०१२ पर्यंतच्या अठरा स्टुडिओ अल्बमांतील जवळजवळ सगळे शब्द त्याचे, चाली मुख्यतः गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांच्या, आणि गाणारा आवाज लीचा. लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा, ही गोष्ट या शब्दांच्या गुणांना आणि दोषांना सारखीच कारणीभूत आहे. पीअर्ट वाचनाचा भोक्ता होता. त्याच्या ओळी कागदावर नेटक्या दिसतात, पण गळ्यातून निघताना त्यांतील अक्षरांची दाटी पुष्कळदा जाणवते.

सत्तरच्या दशकातील दीर्घ रचनांना बँडचे शिखर मानण्याची पद्धत आहे. संगीतापुरते ते मान्य करता येईल, शब्दांपुरते नाही. ‘२११२’ (१९७६) या अल्बमची पहिली संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या सात भागांच्या रचनेत पुरोहितांची हुकूमशाही, त्या जगात एका माणसाला सापडलेली गिटार आणि त्याचा झालेला तेजोभंग अशी कथा आहे. अल्बमवर कादंबऱ्यांतून व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या आयन रँड या लेखिकेचे ऋण मान्य केलेले आहे आणि ते नसते तरी ओळखू आले असते, कारण पात्रे बोलत नाहीत, भूमिका मांडतात. ‘हेमिस्फिअर्स’ (१९७८) मध्ये तर बुद्धी आणि हृदय यांच्या भांडणासाठी अपोलो आणि डायोनिसस या ग्रीक देवांना पाचारण केले आहे आणि निकाल काय लागणार हे श्रोत्याला बरेच आधी कळते. गंमत अशी की त्याच अल्बमवरील ‘द ट्रीज’ ही मेपल आणि ओक वृक्षांच्या तंट्याची छोटी नीतिकथा, तिच्या शेवटच्या कोरड्या विनोदामुळे, त्या अवाढव्य रचनेपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

खरा बदल ‘पर्मनंट वेव्ह्ज’ (१९८०) पासून दिसतो. गाणी आखूड झाली, देवदेवता निघून गेल्या आणि पीअर्टला डोळ्यांसमोरचे जग दिसू लागले. ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) मधील ‘लाइमलाइट’ हे प्रसिद्धीवरचे गाणे आहे, पण त्यात कुरकुर नाही. अनोळखी चाहत्याशी जिवलगासारखे वागणे आपल्याला जमत नाही, एवढी साधी अडचण एका संकोची माणसाने त्यात स्पष्टपणे सांगितली आहे. पुढच्या वर्षीच्या ‘सिग्नल्स’मधील ‘सबडिव्हिजन्स’ मला त्याचे सर्वांत पक्के लेखन वाटते. शहराच्या कडेला एकसारख्या आखलेल्या वस्त्या, शाळेचे व्हरांडे, कंपूत सामावून घेतले जाण्याची धडपड आणि न घेतले गेल्याची शिक्षा यांविषयीचे हे गाणे व्यक्तिस्वातंत्र्याच्या त्याच जुन्या विषयावर आहे. परंतु ‘२११२’मध्ये जो विचार आकाशगंगेत फिरत होता तो येथे एका कंटाळलेल्या मुलाच्या अंगाला येऊन चिकटतो. त्याच अल्बममधील ‘लूझिंग इट’ हे गाणे उतारवयातील एक नर्तकी आणि एक लेखक यांच्याविषयी आहे, आणि कौशल्य हातातून निसटण्याची भीती तिशीत आलेल्या पीअर्टने त्यात आश्चर्यकारक संयमाने लिहिली आहे. ‘ग्रेस अंडर प्रेशर’ (१९८४) मधील ‘रेड सेक्टर ए’मागे लीच्या आईच्या नाझी छळछावणीतील आठवणी आहेत. गाण्यात मात्र स्थळ आणि काळ यांचा उल्लेख नाही, आणि त्यामुळे त्यातील कैद्याचा प्रश्न अधिक उघडा पडतो: कुंपणाबाहेर कोणी जिवंत उरले आहे का?

या चार-पाच वर्षांनंतर घसरण सुरू होते, आणि तिचे कारण सत्तरच्या दशकातील दोषापेक्षा वेगळे आहे. आता तत्त्वज्ञानाचा बोजा नाही, तर शाब्दिक चातुर्याची सवय आहे: भाववाचक नामे, श्लेष आणि एखाद्या वाक्प्रचाराला उलटसुलट करून बनवलेले ध्रुवपद. ‘रोल द बोन्स’ (१९९१) च्या शीर्षकगीतात यंत्राने खोल केलेल्या आवाजातला रॅपचा तुकडा येतो, तो विनोद म्हणूनसुद्धा सोसणे कठीण आहे. ‘टेस्ट फॉर एको’ (१९९६) मधील इंटरनेटवरचे ‘व्हर्चुअ‍ॅलिटी’ हे गाणे झपाट्याने जुने झाले आणि ‘डॉग इयर्स’विषयी न बोललेले बरे. या उताराला मोठा अपवाद ‘प्रेस्टो’ (१९८९) मधील ‘द पास’ हे गाणे. तरुण मुलांच्या आत्महत्येविषयी लिहिताना पीअर्ट त्या मृत्यूला झळाळी देत नाही आणि मुलाला दटावतही नाही. तो त्याच्याशी बरोबरीने बोलतो, जे त्याला इतरत्र क्वचितच साधले आहे.

१९९७ मध्ये पीअर्टची मुलगी मोटार अपघातात गेली आणि दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने वारली. त्यानंतर त्याने मोटारसायकलवर सुमारे ८८,००० किलोमीटर प्रवास केला आणि मग बँड २००२ मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स’ घेऊन परतला. शब्दांच्या दृष्टीने हा अल्बम ओबडधोबड आहे, काही गाण्यांत ओळींची गर्दी आहे. परंतु चातुर्य संपूर्ण गळून पडले आहे. ‘घोस्ट रायडर’मध्ये दुःखाचे नावही न घेता केवळ रस्ता, डोंगर आणि पुढे जात राहण्याची आज्ञा आहे. मूळ ध्वनिमुद्रण इतके कर्कश होते की शब्द ऐकूच येत नसत, म्हणून २०१३ मध्ये पुन्हा मिश्रण करून काढलेली आवृत्तीच घ्यावी.

‘स्नेक्स अँड ॲरोज’ (२००७) च्या मुखपृष्ठावर हरीश जोहरी यांनी चितारलेला लीला या भारतीय खेळाचा पट आहे. आतली श्रद्धेवरील गाणी प्रामाणिक असली तरी वादपटूची आहेत, आणि जुना भूमिका मांडणारा पीअर्ट त्यांत डोकावतो. शेवटचा ‘क्लॉकवर्क एंजल्स’ (२०१२) पुन्हा एक सलग कथा सांगतो. घर सोडून निघालेल्या तरुणाची ती कथा मधल्या भागात विस्कळीत होते, तिचे दुवे गाण्यांतून लागत नाहीत. पण अखेरच्या ‘द गार्डन’मध्ये म्हाताऱ्या झालेल्या त्या नायकाला आयुष्याचे मोजमाप प्रेम आणि आदर यांत सापडते, आणि एवढे साधे विधान करायला पीअर्टला कोणत्याही देवाची वा श्लेषाची गरज पडत नाही. २०२० च्या जानेवारीत त्याचे निधन झाले; बँडसाठी लिहिलेल्या त्याच्या शब्दांचा शेवट याच गाण्याने होतो.

शब्दांसाठी रश ऐकू इच्छिणाऱ्याने सुरुवात ‘सिग्नल्स’पासून करावी, आणि पहिल्या वेळी छापील गीते बाजूला ठेवावीत, कारण लीच्या आवाजात ज्या ओळी टिकतात त्याच खऱ्या. ‘२११२’ त्यानंतर, संगीतासाठी. ‘टेस्ट फॉर एको’ केवळ संग्रह पूर्ण करण्याचा हट्ट असेल तरच विकत घ्यावा.